दैनंदिन जीवनपरिस्थिती आणि मानवी जैविक घड्याळ : एक विवेचन

गोषवारा : निद्रा, शरीराचे तापमान, संप्रेरकांचे स्रवण, पचन व अवधान या मानवी शरीराच्या क्रिया सुमारे चोवीस तासांच्या लयीने चालतात. ही लय उपजत आहे. मात्र बाहेरच्या दिवसाशी तिचा मेळ घालण्याचे काम प्रकाश, आहार व कामाच्या वेळा यांसारखे परिस्थितिजन्य घटक करतात. प्रस्तुत लेखात या घटकांचे कार्य प्रमुख संशोधनांच्या आधारे स्पष्ट केले असून, पाळीचे काम, राहत्या घराची स्थिती, प्रमाणवेळ आणि महाविद्यालयीन वेळापत्रक यांचा शरीराच्या लयीवर होणारा परिणाम विशद केला आहे. जैविक घड्याळाचा बिघाड हा बहुतांशी व्यक्तीच्या बेशिस्तीचा नसून परिस्थितीचा प्रश्न आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : जैविक घड्याळ, दैनिक जैवलय, मेलॅटोनिन, कृत्रिम प्रकाश, रात्रपाळी, वेळापत्रक.

१. प्रस्तावना

लवकर निजावे व लवकर उठावे, हा उपदेश आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत दिनचर्येला स्वतंत्र स्थान आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येविषयीच आहे. शरीराचे आरोग्य आणि दिवसाचे वेळापत्रक यांचा संबंध आहे, ही जाणीव त्यामुळे आपल्याला नवी नाही. तथापि हा संबंध कोणत्या मार्गाने घडतो, याचे प्रयोगसिद्ध उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हाती आले. पेशीतील घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये शरीरक्रियाशास्त्र व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि कालजीवशास्त्र ही ज्ञानशाखा सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली.

या शाखेचे निष्कर्ष जीवशास्त्राच्या प्राध्यापकांपुरते मर्यादित नाहीत. कारखान्याच्या पाळ्या, शेतीचा वीजपुरवठा, नळाला पाणी येण्याची वेळ आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक या सर्व सामाजिक व्यवस्था होत. आणि त्या प्रत्यक्ष शरीराच्या पेशींपर्यंत पोहोचतात. म्हणून अर्थशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र व प्रशासन या क्षेत्रांतील अभ्यासकांनीही त्यांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

२. जैविक घड्याळाची संकल्पना व रचना

इ. स. १७२९ मध्ये झां-जाक द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधारात ठेवले. सूर्यप्रकाश नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. लय केवळ बाह्य प्रकाशाची प्रतिक्रिया नाही, याचे हे पहिले नोंदलेले निरीक्षण होय. पुढे १९५९ मध्ये फ्रान्झ हालबर्ग यांनी अशा लयींसाठी ‘सर्केडियन’ ही संज्ञा रूढ केली. लॅटिन भाषेतील ‘सुमारे’ व ‘दिवस’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून ती बनली आहे. मराठीत तिला ‘दैनिक जैवलय’ म्हणता येईल. मात्र मूळ संज्ञेतील ‘सुमारे’ या शब्दाचे महत्त्व विसरता कामा नये. त्याचे कारण पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

१९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का व सीमोर बेन्झर यांनी फळमाशीमध्ये लय बिघडवणारी उत्परिवर्तने शोधली व त्या जनुकाला ‘पीरियड’ असे नाव दिले. १९८४ मध्ये हे जनुक वेगळे करण्यात यश आले. या जनुकाच्या सूचनेनुसार पेशीत एक प्रथिन तयार होते. ते साठत जाऊन पेशीकेंद्रात शिरते आणि आपल्याच जनुकाचे कार्य थांबवते. कालांतराने प्रथिनाचा ऱ्हास झाला की जनुक पुन्हा कार्यरत होते. या एका फेऱ्यास सुमारे चोवीस तास लागतात. मनुष्याच्या पेशींतही याच तत्त्वावर चालणारी, अधिक जनुके असलेली यंत्रणा आहे.

मनुष्यात या असंख्य घड्याळांचा मेळ मेंदूतील एक मुख्य केंद्र राखते. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृष्टिचेता जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, चेतापेशींचे दोन लहान पुंजके आहेत. त्यांना सुप्राकायझमॅटिक न्यूक्लिअस म्हणतात व त्यांत मिळून सुमारे वीस हजार पेशी असतात. १९७२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून या केंद्राचे कार्य निश्चित झाले : ते नष्ट केल्यास दैनिक लयही नाहीशी होते. या केंद्राच्या आज्ञेने सायंकाळी, नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी, पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. शरीराचे तापमान पहाटे नीचांकी पोहोचते. आणि जागे होण्याच्या सुमारास कॉर्टिसॉलचे प्रमाण सर्वाधिक असते. शरीर केवळ झोपते व उठते असे नसून, पुढे येणाऱ्या प्रहराची आगाऊ तयारी करीत असते.

३. घड्याळ कोण लावते? : प्रकाशाचे कार्य

बाहेरची कोणतीही खूण मिळाली नाही तर मनुष्याचे घड्याळ कसे चालेल, हे पाहण्यासाठी विलक्षण प्रयोग झाले. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हे तरुण फ्रेंच भूशास्त्रज्ञ आल्प्स पर्वतातील एका भूमिगत हिमगुहेत घड्याळाविना दोन महिने राहिले. १४ सप्टेंबर रोजी प्रयोग संपल्याचे त्यांना कळवण्यात आले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने २० ऑगस्ट उजाडला होता. दिवसांची मोजदाद अशी चुकली, तरी झोप व जागरण यांची त्यांची लय चोवीस तासांहून थोड्या अधिक काळाने नियमितपणे चालू होती.

याच दशकात जर्मनीतील आंडेक्स येथे युर्गेन आशोफ व र्‍यूटगर वेव्हर यांनी जमिनीखाली निवासाची सोय असलेली प्रयोगशाळा उभारली. तेथे राहिलेल्या बहुतेकांची लय सुमारे पंचवीस तासांची आढळली व हा आकडा पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिला. परंतु त्या निवासात राहणाऱ्यांना दिवे आपल्या इच्छेनुसार लावण्याची मुभा होती. १९९९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स झायस्लर व सहकाऱ्यांनी अत्यंत मंद प्रकाशात, काटेकोर नियंत्रणाखाली मोजणी केली, तेव्हा मानवी घड्याळाचा सरासरी फेरा २४ तास ११ मिनिटांचा भरला. म्हणजे आधीच्या आकड्यातील पाऊण तासाहून अधिक भाग घड्याळाचा नव्हे, तर झोपेपर्यंत जळत राहिलेल्या दिव्यांचा होता. परिस्थितीचा शरीरावरील परिणाम दाखवणारा हा धडा संशोधकांना आपल्याच प्रयोगशाळेत मिळाला.

‘सुमारे’ या शब्दाचे महत्त्व येथे कळते. घड्याळ रोज सरासरी अकरा मिनिटे मागे पडते. ते रोज लावावे लागते. हे काम प्रामुख्याने प्रकाश करतो. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे सरकवतो, तर सायंकाळचा व रात्रीचा प्रकाश ते मागे ढकलतो. एकाच दिव्याचा परिणाम वेळेनुसार उलटा होतो, ही बाब ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व उदाहरणे सुलभ होतात.

हा प्रकाश डोळ्यांतूनच आत जातो, परंतु पाहण्याच्या मार्गाने नव्हे. डेव्हिड बर्सन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, दृष्टिपटलातील काही चेतापेशी स्वतःच प्रकाशसंवेदी असतात. त्यांत मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असून निळ्या प्रकाशाला ते सर्वाधिक प्रतिसाद देते. या पेशी मुख्य घड्याळाला दिवस-रात्रीची वार्ता देतात. म्हणूनच दृष्टी गेलेल्या काही व्यक्तींचे घड्याळ प्रकाशाने लागते. याउलट ज्यांच्या डोळ्यांतून प्रकाशाची कोणतीही वार्ता मेंदूकडे जात नाही, अशा अनेकांची झोप दररोज थोडी थोडी पुढे सरकत जाते व काही आठवड्यांनी दिवसा येऊ लागते.

प्रकाशाखेरीज सामाजिक संकेतही घड्याळ लावू शकतात. या विषयात भारतीय संशोधनाचा उल्लेख आवश्यक आहे. मदुराई कामराज विद्यापीठातील एम. के. चंद्रशेखरन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये गुहेतील वटवाघळांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. गुहेच्या सतत अंधाऱ्या भागात पिंजऱ्यात ठेवलेली वटवाघळे, आसपासचा थवा रोज सायंकाळी बाहेर पडतो व पहाटे परततो, तेवढ्याच खुणेवर आपली लय चोवीस तासांची राखीत. थवा नसलेल्या गुहेत ठेवल्यास त्यांची लय चोवीस तासांपासून ढळत जाई. मनुष्यात प्रकाशाचा प्रभाव अधिक असला, तरी इतरांच्या येण्याजाण्याच्या व जेवणाच्या वेळा आपल्या प्रकाशाच्या वेळाही ठरवतात.

४. दिवसाचा अंधार व रात्रीचा उजेड

निरभ्र दुपारी मोकळ्या मैदानात प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सपर्यंत असू शकते. ढगाळ दिवशीही ती काही हजार लक्स असते. याउलट नीट उजळलेल्या कार्यालयात ती साधारणतः तीनशे ते पाचशे लक्स व घरात रात्री शंभराच्या आसपास असते. आपला डोळा या फरकाशी सहज जुळवून घेतो. त्यामुळे खोलीत ‘भरपूर उजेड’ आहे असे वाटते. घड्याळाच्या दृष्टीने मात्र ती खोली दिवसा अंधारीच असते.

रात्री नेमके उलटे घडते. सायंकाळनंतरचा सुमारे शंभर लक्सचा, म्हणजे घरातल्या दिव्याइतका प्रकाशही, अतिशय प्रखर प्रकाशाच्या निम्म्याइतके घड्याळ मागे ढकलू शकतो, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. २०१५ मधील दुसऱ्या एका प्रयोगात बारा तरुणांना पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावरील पुस्तक व पाच रात्री छापील पुस्तक वाचावयास दिले. पडद्यावर वाचल्यानंतर मेलॅटोनिनचे सायंकाळचे स्रवण निम्म्याहून अधिक घटले व पुढील दिवशी ते सुमारे दीड तास उशिरा सुरू झाले. मात्र चार तास पूर्ण तेजाचा पडदा ही प्रयोगातील अट होती. तिचा अर्थ मोबाईलकडे टाकलेला प्रत्येक कटाक्ष झोप घालवतो असा करू नये.

ही स्थिती पूर्ववत होऊ शकते काय? अमेरिकेतील केनेथ राइट व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आठ प्रौढांना कोलोरॅडो राज्यातील डोंगराळ भागात आठवडाभर तंबूत ठेवले. सूर्य व शेकोटी यांखेरीज प्रकाश नव्हता. विजेरीसही मनाई होती. त्यांना दिवसभरात मिळणारा प्रकाश नेहमीच्या चौपट झाला आणि त्यांचे घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आले. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांमध्ये हा बदल अधिक होता. ज्याला आपण स्वभाव समजतो, त्याचा बराच भाग दिव्यांनी घडवलेला असतो, हा या प्रयोगाचा अर्थ होय.

वीज येण्यापूर्वीचे लोक सूर्यास्ताबरोबर झोपत व दीर्घकाळ झोपत, ही कल्पनाही तपासून पाहावी लागते. टांझानियातील हाडझा, नामिबियातील सान व बोलिव्हियातील चिमाने या समाजांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लोक सूर्यास्तानंतर सरासरी तीन तासांहून अधिक काळाने झोपत व बहुधा सूर्योदयापूर्वी उठत, असे आढळले. त्यांची झोप सरासरी सहा ते सात तासांच्या आसपास होती. त्याच वर्षी अर्जेंटिनातील तोबा समाजाच्या अभ्यासात मात्र, वीज पोहोचलेल्या वस्तीतील लोक वीज नसलेल्या वस्तीपेक्षा सुमारे पाऊण ते एक तास कमी झोपतात, असे दिसले. या अभ्यासांतून एक गोष्ट निघते : जुन्या काळाचे गुणगान करण्यापेक्षा दिवस उजळ व रात्र मंद राखणे अधिक महत्त्वाचे आहे.

५. आहाराची वेळ

मेंदूतील केंद्र मुख्य असले, तरी यकृत, स्वादुपिंड व मेदपेशी यांचीही आपापली घड्याळे असतात. २००० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत, निशाचर असलेल्या उंदरांना केवळ दिवसा अन्न दिले असता त्यांच्या यकृताचे घड्याळ उलटले; मेंदूचे घड्याळ मात्र प्रकाशालाच धरून राहिले. एकाच शरीरात दोन वेगळ्या वेळा चालू झाल्या.

मनुष्यातही याचे प्रमाण मिळाले आहे. २०१७ मधील एका ब्रिटिश प्रयोगात दहा निरोगी तरुणांची तिन्ही जेवणे पाच तासांनी पुढे ढकलण्यात आली. त्यांच्या मेलॅटोनिनची लय जागची हलली नाही. परंतु रक्तशर्करेची लय पाच तासांहून अधिक मागे सरकली. यासोबत हेही लक्षात घ्यावे की, तेच जेवण सकाळी घेतल्यास रक्तशर्करा जितकी वाढते, त्यापेक्षा रात्री घेतल्यास ती अधिक वाढते. कारण रात्री इन्शुलिनचा प्रतिसाद मंदावतो. मधुमेहाचा भार मोठा असलेल्या आपल्या देशात ‘काय खावे’ याबरोबर ‘केव्हा खावे’ हा प्रश्नही म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. रात्री साडेनऊ-दहाला होणारे शहरी जेवण ही बहुधा आवड नसते. कामावरून परतण्याची वेळ ते ठरवते.

६. कामाच्या वेळा : रात्रपाळी व तिची रूपे

रात्रपाळीचा कामगार घड्याळाच्या विरुद्ध काम करतो. रात्री तीन ते पाचच्या सुमारास त्याचे तापमान व अवधान नीचांकी असते आणि नेमके तेव्हाच त्याला यंत्रावर, वाहनावर किंवा रुग्णाजवळ जागे राहायचे असते. सकाळी घरी परतताना त्याच्या डोळ्यांवर सूर्यप्रकाश पडतो व ‘आता दिवस आहे’ ही वार्ता पक्की होते. त्यामुळे वर्षानुवर्षे रात्रपाळी करूनही बहुतेकांचे शरीर तिला सरावत नाही. दिवसाची त्याची झोप अल्प व तुटक राहते. घड्याळ साधारणतः दिवसाला एक तास या गतीने सरकते. पाळी मात्र आठवड्याने आठ तासांनी बदलते. शरीर जुळवून घेण्याच्या बेतात येते, तोच पाळी फिरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये जैवलय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात केली व २०१९ मधील फेरविचारातही रात्रपाळीचे काम त्याच वर्गात ठेवले. हा वर्ग ‘निश्चित’ या वर्गाच्या खालचा आहे, ही मर्यादा ध्यानात घ्यावी. हृदयविकार व दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी असलेला रात्रपाळीचा संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे.

महाराष्ट्रात रात्रपाळी म्हटले की मुंबईच्या गिरण्यांची आठवण होते. आज तिची रूपे अधिक आहेत. पुणे व मुंबई येथील अनेक माहिती-तंत्रज्ञान व सेवा कंपन्या अमेरिकेच्या वेळेनुसार चालतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा येथे सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात. तेथे उन्हाळी वेळ लागू झाली की येथील कर्मचाऱ्याची पाळी एका तासाने अलीकडे येते. तो प्रवास न करता परदेशाच्या घड्याळावर जगतो व सुट्टीच्या दिवशी कुटुंबाच्या घड्याळावर परततो. गळीत हंगामात साखर कारखाने अहोरात्र चालतात आणि त्यांबरोबर ऊसतोडणी व वाहतूक करणाऱ्यांची रात्रही कामात जाते.

रात्रपाळी म्हणून जिची गणनाच होत नाही अशी एक रात्रपाळी शेतीत आहे. राज्यात कृषिपंपांना वीज वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, दिली जात आली आहे. रात्री वीज आली की शेतकरी पिकाला पाणी देण्यास उठतो. सर्पदंश, थंडी व विजेचा धक्का हे त्यातील धोके सर्वांना दिसतात. परंतु हा एक फिरत्या पाळीचा व्यवसाय आहे, ही बाब नजरेआड राहते. दिवसा वीज मिळावी या हेतूने राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे. ऊर्जाक्षेत्रातील या योजनेचे मूल्यमापन आरोग्याच्या अंगानेही होणे उचित ठरेल.

७. घर, वस्ती व प्रमाणवेळ

जैविक घड्याळाविषयीचे बहुतेक सल्ले स्वतंत्र शयनगृह गृहीत धरतात. ज्या कुटुंबाचे सर्व जीवन एका खोलीत चालते, तेथे सर्वांत उशिरा येणाऱ्याच्या वेळेला दिवा मालवतो व सर्वांत आधी उठणाऱ्याच्या वेळेला तो लागतो. मधली रात्र सर्वांची, त्यातल्या शाळकरी मुलाचीही, तेवढीच. अनेक वस्त्यांत नळाला पाणी पहाटे येते आणि ते भरण्यासाठी बहुधा घरातील स्त्री उठते; रात्रीची आवराआवर करून शेवटी झोपणारीही तीच असते. तिची झोप दोन्ही टोकांनी कापली जाते आणि कोणत्याही हजेरीपुस्तकात ही पाळी नोंदली जात नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली रात्री उशिरापर्यंत टिकणारा उष्माही झोप लांबवतो, कारण झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान उतरावे लागते.

वस्तीचा विचार नकाशापर्यंतही जातो. भारतीय प्रमाणवेळ पूर्व रेखांश ८२.५ अंशावरून, म्हणजे मिर्झापूरनजीकच्या रेषेवरून ठरते. देशाची पूर्व व पश्चिम टोके यांच्या सूर्यवेळेत जवळजवळ दोन तासांचे अंतर आहे. आसामच्या चहामळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असणारी ‘बागान वेळ’ चालत आली, ती यामुळेच. मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे आहे. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असणारी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत प्रचारात होती. नागपूर व मुंबई यांच्या सूर्यवेळेतही सुमारे २५ मिनिटांचा फरक आहे.

हा फरक केवळ भूगोलाचा नाही. सूर्यास्त उशिरा होणाऱ्या भागात मुले उशिरा झोपतात. शाळेची वेळ मात्र घड्याळाने ठरलेली असल्याने ती तितक्याच उशिरा उठू शकत नाहीत. परिणामी त्यांची झोप कमी होते व शिक्षणावरही त्याचा अनिष्ट परिणाम दिसतो, असे मौलिक जगनानी यांच्या भारतीय आकडेवारीवर आधारलेल्या अभ्यासात आढळले. गरीब कुटुंबांत हा परिणाम अधिक तीव्र होता.

८. महाविद्यालयीन विद्यार्थी व सकाळचे सत्र

वरील सर्व घटक महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या ठायी एकत्र येतात. त्यात वयाची भर पडते. टिल रोनेबर्ग व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की, उशिरा झोपण्या-उठण्याकडील कल पौगंडावस्थेपासून वाढत जातो, विसाव्या वर्षाच्या सुमारास कमाल मर्यादा गाठतो व त्यानंतर उलट दिशेने वळतो. म्हणजे पदवीच्या वर्गातील विद्यार्थी आयुष्यातील सर्वांत उशिराच्या घड्याळावर असतो. त्याला शिकवणारा प्राध्यापक, विशेषतः पन्नाशीचा, त्याहून बऱ्याच अलीकडच्या घड्याळावर. सकाळी सात वाजता एकाच वर्गात असलेले हे दोघे जैविक दृष्ट्या एकाच वेळी तेथे नसतात.

उदाहरणादाखल, रात्री बारा वाजता झोपून साडेपाचला उठणारा विद्यार्थी घेऊ. रविवारी तो एकला झोपून नऊला उठतो. आठवड्यातील त्याच्या झोपेचा मध्य पावणेतीनला व रविवारचा पाचला येतो. या सव्वादोन तासांच्या अंतराला रोनेबर्ग व सहकारी यांनी २००६ मध्ये ‘सामाजिक जेटलॅग’ असे नाव दिले. दर शनिवारी पश्चिमेकडे दोन तासांच्या अंतरावरील देशात जावे व सोमवारी परतावे, तशी ही स्थिती आहे. तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप आवश्यक असल्याचे अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये नमूद केले. कनिष्ठ महाविद्यालयातील जो विद्यार्थी पहिली एसटी वा लोकल पकडून येतो, त्याच्या वाट्याला ती कशी यावी?

जानेवारीच्या मध्यास मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. सातचे व्याख्यान तेथे अक्षरशः सूर्योदयापूर्वी सुरू होते. नागपुरात त्याच दिवशी सूर्य सातच्या थोडा आधी उगवलेला असतो. विद्यार्थ्याचे घड्याळ पुढे सरकवणारा सकाळचा प्रकाश ज्या वेळी मिळायला हवा, त्या वेळी तो पडदे ओढलेल्या वर्गात, ट्यूबलाइटखाली, फलकाकडे पाहत असतो.

वेळ बदलल्याने फरक पडतो, याचे एक प्रत्यक्ष उदाहरण अमेरिकेतील सिएटल शहराचे आहे. तेथे २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ करण्यात आली. मुले त्यामुळे अधिक उशिरा झोपतील, अशी शंका होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन शाळांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांची रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढल्याचे दिसले. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. लहान मुलांच्या झोपेचा विचार करणारा हा निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र ज्या वयात घड्याळ सर्वाधिक मागे सरकलेले असते, त्या वयाचे विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

सकाळच्या सत्रामागे कारणे आहेत, हे मान्य करावे लागेल. एकाच इमारतीत दोन सत्रे चालवावी लागतात. सकाळी शिकून दुपारी नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना हीच वेळ सोयीची असते. त्यांच्यासाठी सकाळचे सत्र हा शिक्षणाचा एकमेव मार्ग असू शकतो. म्हणून येथे सरसकट वेळ बदलण्याचा आग्रह नाही. पहिल्या तासाला डुलकी घेणाऱ्या विद्यार्थ्याविषयीचा आपला निर्णय तपासण्याचा आग्रह आहे.

९. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. मानवी घड्याळ उपजत आहे, परंतु ते रोज लावावे लागते. ते लावणारे घटक, म्हणजे प्रकाश, जेवण व काम यांच्या वेळा, बहुतांश लोकांच्या स्वतःच्या हाती नसतात. मालक, वीज कंपनी, नगरपालिका व शिक्षणसंस्था त्या ठरवतात. केवळ व्यक्तीला केलेला उपदेश त्यामुळे अपुरा पडतो. उलटपक्षी, घड्याळ उशिराकडे झुकण्यात दिव्यांचा मोठा वाटा असल्याने ते पुष्कळ प्रमाणात पूर्वस्थितीवर आणता येते; ‘माझा स्वभावच असा’ ही सबबही पूर्णतः टिकत नाही.

महाविद्यालयाच्या अधिकारकक्षेत पुढील गोष्टी येतात :

(१) सकाळच्या सत्रात गणिती व नवीन संकल्पनांचे तास पहिल्या तासिकेऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या तासिकेला ठेवावेत.

(२) वर्गाच्या खिडक्या व पडदे उघडे ठेवावेत; पहिल्या दोन तासिकांमधील सुट्टी विद्यार्थ्यांनी उघड्यावर घालवावी, अशी रचना करावी.

(३) एकाच विद्यार्थ्याची परीक्षा एक दिवस सकाळी व दुसऱ्या दिवशी सायंकाळी, अशी फिरती ठेवू नये.

(४) वसतिगृहात रात्री ठरावीक वेळेनंतर सामाईक जागेतील दिवे मंद करावेत व भोजनाची वेळ लवकरची ठेवावी.

(५) रात्रपाळी करून येणाऱ्या विद्यार्थ्यांची स्वतंत्र नोंद ठेवून त्यांना सत्र निवडण्याची मुभा द्यावी.

(६) भूगोल, जीवशास्त्र, गृहविज्ञान व समाजशास्त्र विभागांनी मिळून आपल्याच विद्यार्थ्यांच्या झोपेच्या वेळा, प्रवासाचा काळ व घरातील खोल्यांची संख्या यांची पाहणी करावी. अशा पाहणीस उपकरणे लागत नाहीत. महिनाभराची दैनंदिनी पुरते.

यांतील शेवटची सूचना सर्वांत निकडीची आहे, कारण आंडेक्स, कोलोरॅडो व सिएटल येथील आकडे आपल्या विद्यार्थ्याचे वर्णन करीत नाहीत. वेळापत्रक समितीच्या बैठकीत खोल्यांची उपलब्धता व कार्यभार यांचा विचार होतो. त्याच पटलावर ही दैनंदिनीही यावी. वेळापत्रक हा प्रशासकीय कागद असला, तरी तो शेकडो शरीरांची पहाट ठरवतो.